यादीच्या आधी माणसे मोज

इंदूर

अनेक आशीर्वाद.

इंदुरातल्या स्वयंसेवी क्षेत्राचा आकार, पैसा आणि मनुष्यबळ मोजण्याचा तुझा आराखडा मी नीट वाचला. विषय चांगला आहे, पण क्रम मला उलटा वाटतो. आधी नोंदणी कार्यालयातून संस्थांची यादी मिळवायची, मग ताळेबंदांची बेरीज करायची आणि वेळ उरला तर कर्मचाऱ्यांविषयी चार प्रश्न विचारायचे, असे तू योजले आहेस. माझे म्हणणे असे की कोण काम करते, किती वेळ करते आणि त्याचे पैसे कोण देते, इथून आरंभ करावा. यादी आणि बेरीज त्यामागून येऊ द्यावी.

यादीवर विसंबू नये याची कारणे साधी आहेत. मध्यप्रदेशात संस्था १९७३च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली फर्म्स अँड सोसायटीजच्या कार्यालयात नोंदल्या जातात, सार्वजनिक न्यास १९५१च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात आणि कंपनी कायद्याच्या कलम ८खालच्या ना-नफा कंपन्यांचे दप्तर तिसरीकडेच असते. त्याच चार मंडळींची एक समिती, एक न्यास आणि एक कंपनी असू शकते. शिवाय पहिल्या यादीत कॉलन्यांचे रहवासी संघ आणि खासगी शाळा-महाविद्यालये चालवणाऱ्या शिक्षण समित्याही असतात. त्यांच्या फीचे उत्पन्न तुझ्या बेरजेत आले, तर बाकी सगळ्यांची उलाढाल त्यात बुडून जाईल. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर अशी मोजणी केली तेव्हा २००८पर्यंत नोंदलेल्या संस्था ३१ लाखांहून अधिक निघाल्या. पुढच्या टप्प्यात सुमारे २२ लाख संस्थांचा प्रत्यक्ष शोध घेतला, तर जेमतेम ७ लाख सापडल्या. इंदूर याला अपवाद असेल असे समजू नकोस.

उलट, यादीत नसलेलेही पुष्कळ आहे. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, शहरातल्या इतर कापड गिरण्याही बंद झाल्या, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, थांबल्या नाहीत. चंदा गोळा होतो, महापालिका आणि विकास प्राधिकरण हातभार लावतात, आणि त्यामागे महिनाभर राबणाऱ्या माणसांची हजेरी कोणीच मांडत नाही. त्यांना मोजायचे की नाही हे आधी ठरव, आणि ठरवलेस ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिही.

पैशाच्या बाबतीत तुला सर्वांत जास्त त्रास होईल तो शहराच्या हद्दीचा. कस्तुरबाग्रामचे उदाहरण घे. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यासाचे मुख्यालय तिथे आहे, पण काम देशभर पसरलेले आहे. सगळा खर्च इंदूरच्या नावावर टाकलास तर शहर उगीचच दानशूर दिसेल. झाबुआ, आलीराजपूर, बडवानीकडे काम करणाऱ्या ज्या संस्थांचे कार्यालय आणि बँकखाते इंदुरात आहे, त्यांचेही तसेच. म्हणून प्रत्येक रकमेपुढे तीन रकाने ठेव: पैसा कोठून आला, जमा कोठे झाला आणि खर्च कोठे झाला. दुसरी अडचण तोच रुपया दोनदा मोजला जाण्याची. मोठी संस्था कंपनीकडून निधी घेते, त्यातला काही भाग वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थेला देते, आणि दोघींच्या ताळेबंदात तो जमेला दिसतो. परकीय निधीच्या बाबतीत त्यासंबंधीच्या कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने असे पुढे वाटप करणेच बंद केले आहे, त्यामुळे तिथे ही दुबार मोजणी संभवत नाही. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. वर्गणी आणि देणग्यांविषयी मी जास्त लिहीत नाही. पावतीपुस्तके बघायला मिळाली तर तुझे तुलाच कळेल.

आता मनुष्यबळ. परकीय निधीतून प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालत असे, ती मर्यादा २०२०मध्ये २० टक्क्यांवर आली. कंपन्यांच्या बाबतीत ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापनखर्चाला आहे, तरी काही कंपन्या ती संस्थेच्याच माथी मारतात. परिणाम असा की 'वेतन' या शीर्षाखाली फार थोडे दिसते आणि माणसांचा मोबदला 'प्रशिक्षण', 'क्षेत्रभेट', 'कार्यक्रम खर्च' यांत विखुरलेला असतो. तेव्हा नुसता ताळेबंद पाहून भागणार नाही, व्हाउचरची फाइल उघडावी लागेल. वस्तीतल्या बालवाडीची फाइल बघ: दर महिन्याला त्याच त्या बायकांच्या सह्या, समोर 'मानधन' असा शब्द, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर गेली तरच एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट. फाइलभर तिकीट न दिसले, तर मानधन किती असेल याचा अंदाज मोजणी न करताही येतो. वीस माणसांवर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, म्हणून काही ठिकाणी हजेरीपटावर एकोणीसच नावे असतात. बाकीचे 'सल्लागार' किंवा 'स्वयंसेवक'. अशा ठिकाणी पदनाम विचारू नकोस, गेल्या आठवड्यात किती तास काम केले आणि किती मिळाले, एवढेच विचार. अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्या यांना या हिशेबात घेऊ नकोस; त्यांचे मानधन शासनाचे आहे.

बिनपगारी कामाचाही हिशेब तासांतच कर. सदस्यसंख्या विचारलीस तर चिटणीस मोठ्या अभिमानाने हजाराचा आकडा सांगतील, ज्यात दिवंगत आजीव सभासदही असतील. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वर्षाला १२० तास भरतात, ते बहुधा कोणत्या तरी संस्थेच्या खात्यावर दाखवले जातात; ते वेगळे काढ. आपल्या मराठी मंडळांकडे मात्र जरा जास्त वेळ दे. तिथे ग्रंथालय उघडणे, हिशेब लिहिणे, दिवाळी अंकांचे वाटप करणे हे सगळे निवृत्त माणसे करतात, आणि त्यांच्या जागी कोण येणार हा प्रश्न तुझ्या अभ्यासात आला नाही तर मनुष्यबळाचे चित्र अर्धवट राहील. कोषाध्यक्षांचे वय विचारायला संकोचू नकोस; इंदुरी माणूस रागावत नाही, उलट पोहे खायला घालतो.

महापालिकेच्या ८५ प्रभागांची भाषा इतक्यात नको. राजवाड्याजवळचा एक जुना प्रभाग आणि नंदानगरकडचा एक, असे दोनच घे. गल्लीगल्लीने फिरून सापडतील त्या संस्था लिहून काढ, आणि मग त्या नोंदणीच्या यादीशी ताडून पाहा. दोन्हींत जी तफावत येईल तिच्यावरून बाकी शहराचा अंदाज किती धाडसाने बांधता येईल हे आपण बसून ठरवू. प्रश्नावलीचा मसुदा पंधरा दिवसांत पाठव, आणि तीत 'आपल्या संस्थेची उद्दिष्टे' हा प्रश्न असेल तर काढून टाक. त्याचे उत्तर प्रत्येकाच्या घटनेत छापलेले असते.

तुझा शुभचिंतक