आधी हाताने

चि. बाळ,

‘इमेजिंग म्हणजे मशीनवाल्यांचं काम, ते खरं फिजिक्स नव्हे’ असं कुणीतरी म्हटलं आणि तू अर्ज भरायचाच थांबलीस? बाबांना विचार की. उद्यमबागेतल्या कारखान्यात ओतलेल्या धातूचं कास्टिंग थंड झालं की ते हातोडी मारून कान देतात. बद्द वाजलं की आत गडबड. बाहेरून आतलं ओळखायचं. मीही तेहतीस वर्षं तेच केलं, हातोडीऐवजी क्ष-किरण घेऊन.

आता वही घे. लॅपटॉप मिट. दोन बाय दोनचे चार चौकोन काढ, आत आकडे लिही आणि मैत्रिणीला फक्त आडव्या-उभ्या बेरजा सांग. अज्ञात चार, समीकरणं चार, तरी तिला उत्तर सापडणार नाही. चौथी बेरीज पहिल्या तिघींतूनच निघते ना! एक तिरकी बेरीज दे, लगेच सुटेल. सीटी स्कॅनमध्ये असे चौकोन ५१२ बाय ५१२, आणि आरपार जाणारा प्रत्येक क्ष-किरण म्हणजे वाटेतल्या चौकोनांची एक बेरीज. पण हे हाताने कर. बघून समजल्यासारखं वाटतं, समजत नाही.

सगळ्या दिशांच्या बेरजांवरून आतलं परत मिळतं, हे गणितज्ञ रॅडॉनने १९१७ सालीच सिद्ध केलं होतं. सीटी स्कॅनचा पाया घालणाऱ्या कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला त्याचा पत्ताच नव्हता. त्याने गणित स्वतः मांडलं. मग लाकडात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल तुकड्यातून गॅमा किरण सोडले. मधली मापं काही केल्या रेषेत बसेनात. वर्कशॉपमध्ये चौकशी केली, तर त्या तुकड्याच्या मध्यात वेगळ्या धातूगुणाची खुंटी निघाली! हाताने मांडलेल्या गणिताला आतली खुंटी दिसली.

मला नाही दिसली. तरुणपणी एका नमुन्याच्या चित्रात बारीक कडं आलं. तो तडाच, असं धरून सहा महिने थिअरी रचली, चारचौघांत मिरवली. पलीकडे आलेले किरण मोजणाऱ्या डिटेक्टरचा एक घटक चुकीचं मोजत होता, बस्स. नमुना फिरताना तीच चूक प्रत्येक कोनातून येते, म्हणून कडं उमटतं. अर्धं पान आकडेमोड केली असती तर त्याच संध्याकाळी कळलं असतं. अजून लाज वाटते. म्हणून ओरडतो: आधी हाताने.

माझं एकही सूत्र कुठल्या मशीनमध्ये बसलं नाही, असं तुमच्या घरी जेवताना निघतं म्हणे. निघू दे. कॉर्मॅकचे १९६३ आणि १९६४चे लेख छापून आले तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नव्हती, नोबेल १९७९चं. मी कॉर्मॅक नव्हे, ठाऊक आहे. पण सूत्र वापरात नाही म्हणून ते खोटं ठरत नाही, हे त्या जेवणाऱ्यांना कोण सांगणार?

पुण्याला जा, बंगळूरला जा, मला फरक पडत नाही. अर्ज मात्र या आठवड्यात भर. आणि रविवारी खानापूरला येशील तेव्हा कुंदा नको, शुगर आहे. तीन बाय तीनचे चौकोन सोडवून आण. किती तिरक्या बेरजा लागल्या, ते विचारणार आहे.