सांगलीला जा, पण अर्ज भरून जा

प्रिय मुली,

बाबांना अर्धांगाचा झटका आल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. आई एकटी किती पुरी पडणार, म्हणून तू वर्षभर तरी सांगलीला राहायचं म्हणतेस. जरूर जा. ग्रीन कार्ड हातात येऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे तुझा पाय निघत नाही, हे कळतंय मला. पण आजारी बापाजवळ राहिल्याने कार्ड जात नाही. ते जातं निघण्याआधीची कामं न केल्याने, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम सांगलीत बसून होत नाही.

ते काम म्हणजे रीएंट्री परमिट, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर अमेरिकेत परत येण्याचा परवाना. त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म आय-१३१. हा अर्ज करतेवेळी तू अमेरिकेतच असायला हवीस, आणि बोटांचे ठसेही इथेच देऊन जा. परमिट हातात पडेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. ते मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मिळावं असं अर्जातच नमूद करता येतं. त्याची मुदत जास्तीत जास्त २ वर्षं असते आणि ती वाढवून मिळत नाही. परमिट नसताना सलग १ वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलीस, तर परत येताना नुसतं कार्ड चालत नाही. मग परतीच्या रहिवाशाचा वेगळा व्हिसा मागावा लागतो आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, हे सिद्ध करत बसावं लागतं.

‘सहा महिन्यांच्या आत एकदा येऊन तोंड दाखवायचं, की झालं!’ हे तुला मंडळाच्या गणपतीत दहा जण सांगतील. त्यावर विसंबू नकोस. १८० दिवसांहून जास्त सलग बाहेर राहिलं की प्रवेशाच्या वेळी तुझी नव्याने तपासणी होऊ शकते, हे खरं. पण त्याच्या आत परतलं की सगळं सुरक्षित, असं मुळीच नाही. अधिकाऱ्याला बघायचं असतं ते एवढंच, की तुझं घर नेमकं कुठे आहे.

माझ्या ओळखीच्या एका आजोबांना विमानतळावर विचारलं, “तुम्ही राहता कुठे?” ते सहज बोलून गेले, “पुण्याला. इथे मुलाकडे येऊन-जाऊन असतो.” लगेच त्यांच्यापुढे आय-४०७ चा कागद आला. शेजारी व्हीलचेअरवर आजी, रात्रभराचा प्रवास झालेला, आणि अधिकारी पेन पुढे करून उभा. तो कागद म्हणजे आपण होऊन कार्ड परत करणं. त्यावर सही करायलाच हवी असं नाही. नकार देता येतो आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायची मागणी करता येते. आजोबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. तू मात्र पक्कं लक्षात ठेव, आणि पुढे आई-बाबांना इकडे आणलंस तर त्यांनाही सांग.

म्हणून तुझं घर इथे आहे हे कागदांवर दिसू दे. कंपनीकडून रजेचं पत्र घे, त्यात परत रुजू व्हायची तारीख हवी. बँकेचं खातं, लायसन्स, पत्ता चालू ठेव. बाबांच्या आजाराचे वैद्यकीय कागदही जपून ठेव. टॅक्स रिटर्न दर वर्षी रहिवासी म्हणूनच भर, फॉर्म १०४०. चार पैसे वाचतात म्हणून काही जण स्वतःला अनिवासी दाखवतात, आणि तोच कागद पुढे त्यांच्यावर उलटतो. तिकडच्या एफडीचं व्याजही दाखवायचं. भारतातल्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. औषधपाण्यासाठी बाबांच्या खात्यावर तुझं नाव लावलंस, तर तेही खातं त्यात धरायचं.

नागरिकत्वाचं मात्र स्पष्टच सांगते. परमिटमुळे कार्ड सांभाळलं जातं, नागरिकत्वासाठीचा सलग वास्तव्याचा काळ नाही. ५ वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष इथे हवेत, शिवाय वास्तव्य सलग हवं. ६ महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की ते तुटलं असं गृहीत धरतात, आपल्याला उलट पटवून द्यावं लागतं. वर्ष भरलं की तुटतंच. म्हणजे तुझी नागरिकत्वाची शपथ काही वर्षं पुढे जाईल. जाऊ दे! अर्धांगानंतरचे पहिले काही महिने फिजिओथेरपीचे असतात. बाबांचा हात उचलून रोजचे व्यायाम करून घ्यायला तेव्हाच माणूस लागतं.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेव. तिकडे हरवलं तर मुंबईच्या वकिलातीतून विमानात बसण्यापुरता कागद मिळतो, पण त्यात दिवस जातात. येता-जाता युरोपात उतरायचा बेत असेल तर शेंगेन व्हिसा लागेलच; पासपोर्ट अजून भारताचाच आहे.

तिकीट काढायची घाई करू नकोस. आधी अर्ज पाठव, ठशांची तारीख येऊ दे. ती लांबची आली तर बाबांची तब्येत बघून काय करायचं ते आपण फोनवर ठरवू. भरलेला फॉर्म पाठवण्याआधी मला एकदा दाखव, आणि आईला म्हणावं, धीर धर, लेक येतेय.

तुझी,
मावशी