गायक आणि पाहुणा

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे वेळापत्रक मिळाले. 16 दिवसांत 14 घरे, हाती एक गिटार, सोबत कोणी नाही आणि गाडीही स्वतःच चालवायची. अंतरे, इंधन, गाण्यांचा क्रम, सगळे तू नीट मांडले आहेस. एका गोष्टीसाठी मात्र त्यात एकही रकाना नाही, आणि गेली 22 वर्षे घराघरांत गाऊन मला जे काही कळले ते जवळजवळ सगळे त्याच गोष्टीविषयी आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबेल. तू दर रात्री कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जाणार आहेस. गाणे हा त्या पाहुणचारातला दीड तास आहे, आणि उरलेल्या वेळेलाही रियाज लागतो.

'मोठे सभागृह मिळेपर्यंत' हे तुझ्या पत्रातले शब्द मला खटकले. घरातली मैफल म्हणजे सभागृहाच्या दाराबाहेरची रांग, असे मानणारा गायक यजमानाच्या दिवाणखान्यात बसूनही मनाने दुसरीकडेच असतो, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांना ते पहिल्या गाण्यातच कळते. संगीतकार फ्रान्झ शूबर्टची गाणी 1820च्या दशकात व्हिएन्नातल्या मित्रांच्या घरी, पियानोभोवती जमलेल्या मंडळींनी ऐकली. केवळ त्याच्याच रचनांची जाहीर मैफल त्याच्या हयातीत एकदाच, 26 मार्च 1828 रोजी झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या 31व्या वर्षी, तो गेला. ती घरे त्याच्या गाण्यांची तात्पुरती सोय नव्हती; ती गाणी तिथेच राहत होती.

दिवाणखान्याचे शास्त्र समजून घे. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून तुझा स्वर 17 मिलिसेकंदांच्या आसपास परत येतो, आणि इतक्या लवकर परतलेला स्वर कानाला वेगळा ऐकू न येता मूळ स्वरातच मिसळतो. मोठ्या संगीत सभागृहात स्वर विरायला दोनेक सेकंद लागतात. सोफे, पडदे आणि पुस्तकांनी भरलेल्या खोलीत तो अर्ध्या सेकंदात संपतो. त्यामुळे शब्द स्वच्छ पोहोचतात, श्वाससुद्धा ऐकू येतो, पण लांबवलेल्या स्वराला खोली आधार देत नाही. संथ गाणी तिथे किंचित जलद घ्यावी लागतात. दुपारी रिकाम्या खोलीत जे ऐकू येते त्यावर विसंबू नकोस, कारण तीस माणसे येऊन बसली की वरचे स्वर त्यांच्या कपड्यांत मुरतात. शिवाय खोली तापते, तारा सैलावतात आणि स्वर उतरतो. पहिल्या दोन गाण्यांनंतर तारा पुन्हा जुळवायच्या, हे धरूनच चाल. मायक्रोफोन नेऊ नकोस. तीस माणसांसाठी त्याची गरज नसते, आणि तो मध्ये आला की जवळ बसलेली माणसे उगीचच लांब जातात.

आता फ्रिजविषयी लिहितो, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथली आहे. स्वयंपाकघर दिवाणखान्याला लागून असले की फ्रिजची घरघर मैफलभर साथ करते. ज्या देशांत वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची असते, तिथे या घरघरीत बहुधा 100 हर्ट्झचा स्वर ठळक असतो. आणि नेहमीप्रमाणे जुळवलेल्या गिटारच्या सर्वांत जाड तारेवर, तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) मिळणारा 'जी' हा स्वर 98 हर्ट्झचा आहे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा एक थरथर उठते, आणि नीट जुळलेली गिटार श्रोत्यांना बेसूर वाटू लागते. म्हणून यजमानांना विचारून गाण्यापुरता फ्रिज बंद करावा. एका घरी मी तो असाच विचारून बंद केला. गाणे उत्तम झाले, लोक उशिरापर्यंत थांबले, आणि पहाटे घर जागे होण्याआधी मी निघून गेलो. बटण बंदच राहिले होते. त्या दिवशी त्यांच्याकडे घरगुती समारंभ होता आणि त्यासाठी आदल्या दिवशी रांधून ठेवलेले सगळे वाया गेले. त्या बाईंनी मला कधी एका शब्दाने सांगितले नाही. दोन वर्षांनी त्यांच्या शेजारणीकडून मला ते कळले. मी पत्र लिहून क्षमा मागितली, त्यांनीही मोठ्या मनाने उत्तर दिले. तरी त्या सकाळी उघड्या फ्रिजसमोर उभ्या असलेल्या त्या बाई, ज्यांना मी तशा कधी पाहिलेच नाही, माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण करणाऱ्या लोकांची एक जुनी युक्ती मी त्यानंतर शिकलो. फ्रिज बंद करताना स्वतःच्या गाडीच्या किल्ल्या त्यातच ठेवायच्या, म्हणजे तो पुन्हा उघडल्याशिवाय निघताच येत नाही. तुला माझ्याकडून एकच सवय घ्यायची असेल तर ही घे. त्या घरात तू जे जे हलवशील, भिंतीवरून काढलेले टिकटिकणारे घड्याळ, सरकवलेली खुर्ची, दुसऱ्या खोलीत बांधलेला कुत्रा, ते ते परत जागेवर लावण्याची जबाबदारी तुझी आहे, आणि थकलेल्या डोक्यावर ती सोपवून चालत नाही.

गाण्यापेक्षा आवाज अनेकदा बोलण्याने अधिक थकतो. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञांनी 1911 साली याविषयी लिहिले आणि हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चालत्या गाडीत तासभर फोनवर बोलणे, आणि मैफलीआधी वीस जण एकदम बोलत असलेल्या खोलीत प्रत्येकाशी ओळख करून घेणे, ही दोन्ही आवाजाची उधळपट्टी आहे. पहिली सहज टाळता येते. दुसरी टाळणे पाहुण्याला शोभत नाही असे वाटते, आणि भिडस्त माणसे तिथेच फसतात. यजमानांना आठवडाभर आधी कळव की गाण्याआधीचा पाऊण तास तुला एका बंद खोलीत एकट्याने बसावे लागते आणि मैफलीनंतर तू सर्वांसोबत बसणार आहेस. कारण सांगून आधी मागितलेली गोष्ट लोक आनंदाने देतात. ऐनवेळी न सांगता आत निघून गेलेल्या पाहुण्याला ते शिष्ट समजतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

मैफलीनंतर बसणार आहे असे सांगितलेस की मात्र खरोखर बसायला हवे. सभागृहात गाणे संपले की दिवे लागतात आणि माणसे पांगतात. घरात कोणीतरी रिकामा पेला हातात घेऊन तुझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते, थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलते, आणि मग तिसऱ्या गाण्याच्या वेळी आपल्याला कोणाची आठवण झाली ते सांगते. अशा वेळी ते गाणे तुला कसे सुचले हे सांगू नकोस. गिटार पेटीत ठेव, हात मोकळे ठेव आणि ऐक. हा तास मला अतिशय प्रिय आहे आणि तोच मला सर्वांत जास्त थकवतो. आवाज एका रात्रीच्या झोपेने परत येतो, पण रोज नव्या घरात इतके ऐकून घेतल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी आपण मान हलवत असतो आणि आत काहीच पोहोचत नसते. समोरच्याला ते कळो न कळो, ती फसवणूक आहे. म्हणून दर चौथी रात्र मोकळी ठेव. त्या रात्री कोणाच्याही घरी न राहता अशा ठिकाणी मुक्काम कर जिथे तुझे नावही कोणाला ठाऊक नाही आणि रात्रीचे जेवण एकट्याने, न बोलता करता येते.

मैफल संपवून रात्री गाडी हाकण्याचा जो बेत तू तीन ठिकाणी आखला आहेस, तो रद्द कर. सलग 17 तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसासारखी मंदावते, हे प्रयोगांनी दाखवले आहे, आणि सकाळी सातला उठलेला गायक मध्यरात्री नेमका त्याच अवस्थेत स्टिअरिंगवर बसतो. गिटारलाही प्रवासात जप: बंद गाडीच्या उन्हात तिचे लाकूड जोडणारा सरस नरम पडतो, आणि कडाक्याच्या थंडीतून उबदार घरात आणल्या आणल्या पेटी उघडली तर लाकडावरच्या रोगणाला बारीक तडे जाऊ शकतात. अर्धा तास पेटी बंदच राहू दे.

पैशांविषयी थोडक्यात लिहितो. रक्कम ठरलेली असो वा ऐच्छिक, ती आधी लेखी ठरवून घे, आणि श्रोत्यांपुढे तिचा उल्लेख यजमानांनीच करावा अशी त्यांना विनंती कर. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओळखीच्या माणसांना ते जे मोकळेपणाने सांगू शकतात ते तुझ्या तोंडी याचनेसारखे ऐकू येईल. पाकीट मिळाले की मनापासून आभार मान आणि ते त्या घरात उघडू नकोस.

दर चौथी रात्र मोकळी ठेवलीस की 14 घरांची 12 होतील. ज्या दोघांची तारीख पुढे ढकलावी लागेल त्यांना आजच फोन कर. नुसता संदेश पाठवून मोकळे होऊ नकोस, कारण त्यांनी एव्हाना शेजाऱ्यांकडे खुर्च्या मागून ठेवल्या असतील.