त्रेपन्न ऐकून पस्तीस लिहिणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी मराठी शाळेत दुसरीत आहे. वस्तू अचूक मोजते, शंभरपर्यंतचे अंक न अडखळता म्हणते. पण ‘त्रेपन्न लिही’ म्हटले की ३५ लिहिते आणि ‘अठ्ठेचाळीस’ म्हटले की ८४. चुकलेली संख्या मी वीस वेळा लिहून घेते, पण आता ती गणिताची वही काढायलाच घाबरते. बाई वर्गात ‘पन्नास तीन’ असे म्हणायला शिकवतात आणि सासूबाईंना ते मुळीच पटत नाही. मुलीत काही कमी आहे का? घरी मी काय करावे?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : आपली मुलगी जे ऐकते ते त्याच क्रमाने कागदावर उतरवते आहे. ‘त्रेपन्न’ या शब्दात तीन आधी येतात आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र डावीकडे पाच यावे लागतात. त्यातच दोन कधी ‘बा’ होतात, कधी ‘बे’, तर कधी ‘ब्या’. आणि ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येत असूनही सुरुवात पाचाने करायची असते. सोलापुरातल्या तेलुगू घरांतले मूल ‘याभै मूडु’ म्हणते, म्हणजे पन्नास आधी आणि तीन नंतर, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. या वयात ही चूक सर्रास दिसते, तेव्हा तिच्या बुद्धीविषयी शंका मनातून काढून टाका.

बाई शिकवतात ती पद्धत २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या वेळी स्पष्ट केले होते की जुनी नावे काढलेली नाहीत, दोन्ही शिकवायची आहेत. मलाही तेच योग्य वाटते. बाजारात, एसटीत आणि आजीच्या तोंडी त्रेपन्नच असणार, तेव्हा तो शब्द मुलीला यायलाच हवा; ‘पन्नास तीन’ हा त्या शब्दापर्यंत नेणारा पूल आहे. मात्र या पुलावरही एक खड्डा आहे : काही मुले ‘पन्नास तीन’ ऐकून ५०३ लिहितात.

म्हणून वीस वेळा लिहून घेणे आजपासून थांबवा, कारण त्यातून हात दुखतो, क्रम उमगत नाही. खराट्याच्या काड्या घ्या आणि दहादहांच्या जुड्या मुलीलाच रबराने बांधू द्या. पाच जुड्या डावीकडे, तीन सुट्या काड्या उजवीकडे ठेवून तिने म्हणावे, ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’, आणि मगच लिहावे. शेजारीच तीन जुड्या आणि पाच काड्या मांडा. दोन्ही ढीग समोर असले की ३५ आणि ५३ एकच नाहीत हे तिला डोळ्यांनी दिसते. नंतर जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा : एका रुंद पट्टीवर ५०, एका अरुंद पट्टीवर ३. अरुंद पट्टी शून्यावर ठेवली की ५३ तयार होतात. शून्य खाली झाकले गेले आहे हे तिने स्वतः पाहिले की ५०३ ची चूकही सहसा सुटते.

लिहिताना तिच्या हाताकडेही एकदा नीट पाहा. काही मुले ‘त्रेपन्न’ ऐकताच आधी ३ लिहितात, डावीकडे जागा सोडतात आणि मग तिथे ५ लिहितात. तसे दिसले तर रागावू नका, कारण ते मूल क्रम समजून घेऊ लागले आहे. फक्त डावीकडून लिहायची सवय हळूहळू लावा.

बाईंना एवढीच विनंती करा की श्रुतलेखनात ‘त्रेपन्न, पन्नास आणि तीन’ अशी दोन्ही नावे सांगून क्षणभर थांबावे. सासूबाईंना सापशिडी खेळायला बसवा आणि सोंगटी ज्या घरात जाईल त्याचे जुने नाव त्यांनीच मोठ्याने म्हणावे. नातीला ती नावे त्यांच्याइतकी गोडीने कोण शिकवणार?

तिसरीच्या अखेरीसही आकडे असेच उलटत राहिले आणि वाचनातही अक्षरे मागेपुढे होऊ लागली, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. तूर्त ५३–३५, ४८–८४ अशा दोनच जोड्या आठवडाभर घ्या, आणि एकोणतीस, एकोणसाठ या संख्या अगदी शेवटी ठेवा, कारण त्यांत आधी एक वजा करावा लागतो.