बोर्डिंग पास आणि बोर्डिंग स्कूल: बोर्ड एक की दोन?

प्रश्न असा आहे: विमानाचा बोर्डिंग पास, बोर्डिंग स्कूल, दहावीचं बोर्ड, भिंतीवरचा स्विचबोर्ड आणि कंपनीचं बोर्ड ऑफ डायरेक्टर्स, या सगळ्यांतला 'बोर्ड' एकच का? आणि जाता जाता, आपलं 'कपाट' इंग्रजी 'कबर्ड'वरून आलं का?

दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, त्याकडे नंतर येतो. पहिल्याचं उत्तर: शब्द एक दिसतो, पण आत दोन आहेत. एक बोर्ड म्हणजे फळी आणि दुसरा बोर्ड म्हणजे काठ, कड, विशेषतः जहाजाची बाजू. जुन्या इंग्रजीतच दोघांचं रूप एक झालं होतं. त्याही मागे, जर्मानिक भाषांच्या मुळाशी दोघांचं काही नातं होतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पुढचा पसारा समजून घ्यायचा तर ही दोन खाती वेगळी ठेवलेली बरी.

आधी काठाचं खातं, कारण ते छोटं आहे. 'बोर्डिंग पास'मधला बोर्ड इथला. जहाजावर चढणं म्हणजे त्याच्या काठाला लागून आत जाणं. हे चढणं सुरुवातीला फारसं सभ्य नव्हतं. शत्रूच्या जहाजाला आपलं जहाज भिडवायचं आणि हत्यारं घेऊन त्यावर उतरायचं, याला हे क्रियापद वापरत. आता आपण ट्रॉली बॅग घेऊन तेच करतो. नव्या नोकरदाराचं कंपनीत 'ऑनबोर्डिंग' होतं तेही याच काठावरून.

जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात. त्यात तारा कुठेही नाही. सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला बांधलेलं असे, म्हणून ती 'स्टिअर'ची, म्हणजे सुकाणूची बाजू. ते वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगानं लावत. डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणत, पण वादळात ओरडून दिलेल्या हुकमात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू येणार. म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमारानं 'लारबोर्ड' बाद करून 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला. विमानात प्रवासी आजही डाव्या दारानं चढतात, ते पाहताना मला हे आठवतं.

काठाचा हाच जर्मानिक शब्द फ्रेंचांकडेही गेला आणि तिथून 'बॉर्डर' होऊन इंग्रजीत आला. म्हणजे देशाची बॉर्डर आणि साडीची बॉर्डर या बोर्डिंग पासच्या नात्यातल्या. मराठीला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपला 'काठ' नदीलाही असतो आणि लुगड्यालाही.

आता फळीचं खातं. इथे खरी मजा आहे. फळी आडवी टाकली की टेबल होतं. टेबलावर जेवण वाढतात, म्हणून बोर्ड म्हणजे जेवण. त्याच टेबलाभोवती माणसं बसून कारभार करतात, म्हणून बोर्ड म्हणजे ती माणसं. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवले की लबाडी करता येत नाही, म्हणून सरळ व्यवहाराला 'अबव्ह बोर्ड' म्हणतात.

यातला जेवणाचा अर्थ आपल्याकडे पार विसरला गेला आहे, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. एसटी स्टँडासमोर 'लॉजिंग बोर्डिंग' अशी पाटी असते. आपण ते चहापाण्यासारखं एकच समजून वाचतो, पण शब्द दोन आहेत: लॉजिंग म्हणजे राहणं, बोर्डिंग म्हणजे जेवण. खोली मिळते पण जेवण मिळत नाही अशा ठिकाणी 'बोर्डिंग' लिहिणं ही खरं तर फसवणूकच! बोर्डिंग स्कूल म्हणजेही मुळात जिथे मुलांच्या जेवणाची सोय आहे अशी शाळा.

महाराष्ट्रात हा शब्द शिक्षणाच्या इतिहासात रुजला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. कोल्हापूरकर आजही 'वसतिगृह' न म्हणता 'बोर्डिंग'च म्हणतात. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी जे वसतिगृह काढलं, त्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. तिथे अडचण छपराची कमी आणि धान्याची जास्त असे. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. 'वसतिगृह' या शब्दात फक्त वस्ती आहे. 'बोर्डिंग'मध्ये भाकरी आहे. त्या काळच्या संस्थांना दुसरा शब्दच जास्त लागू पडतो.

कारभाराचा अर्थ तर आपण रोज वापरतो. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. त्याआधी लोकल बोर्डं होती, म्हणून जुनी माणसं 'बोर्डाची शाळा' म्हणत. आता 'बोर्ड' म्हटलं की दहावी-बारावी. वीज मंडळाचे तुकडे २००५ मध्ये झाले, तरी लाईट गेली की लोक अजून 'एमएसईबी'लाच शिव्या घालतात. त्यातला शेवटचा 'बी' हा आपला बोर्डच. आपण बोर्डाला 'मंडळ' केलं. इंग्रजांना माणसांच्या मधलं टेबल दिसलं आणि आपल्याला माणसांचं कडं दिसलं. भाषांतर म्हणून मला ते फार नेमकं वाटतं.

फळा, स्विचबोर्ड, कॅरम बोर्ड, दुकानाचा बोर्ड ही सरळ फळीचीच मुलं, त्यांत गूढ काही नाही. एक मात्र सांगण्यासारखं आहे: कोर्टातला बोर्ड. 'आज बोर्ड मोठा आहे', 'आपलं मॅटर बोर्डावर नाही' असं वकील म्हणतात तेव्हा ती लाकडी वस्तू नसते, त्या दिवशीच्या खटल्यांची यादी असते. फळीवरून यादीवर जाणं आपल्यालाही परकं नाही. फारसीत 'तख्ता' म्हणजे फळीच, आणि मराठीत त्याचा 'तक्ता' झाला.

आपल्या घरातला या जातीचा शब्द म्हणजे संस्कृत 'पट्ट', अर्थात फळी, पत्रा. त्यातून बसायचा पाट आला, लिहायची पाटी आली, दुकानाची पाटीही आली. राजाच्या आसनाचा पट्ट म्हणून पट्टराणी. आणि जमिनीच्या पट्ट्यांची नोंद सांभाळणारा 'पट्टकिल' झाला पाटील. म्हणजे फळीवरून थेट गावच्या कारभारापर्यंत!

राहिलं कपाट. 'कबर्ड' म्हणजे कप ठेवायची फळी. दारं नंतर आली. संस्कृत 'कपाट' म्हणजे दाराची फळी, झडप. घासून त्याचंच 'कवाड' झालं. मराठीत दारावरून ते दारं असलेल्या फडताळापर्यंत सरकलं. बद्रीनाथचे 'कपाट' उघडले असं हिंदीत वाचतो, तिथे जुना अर्थ शाबूत आहे. उच्चार जवळचा, वस्तूही जवळची, पण नातं काहीच नाही.