गोव्यात वाळवंट नाही, मग धुळीचा अभ्यास कशाला?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे: "मुलगी फिजिक्स घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहारा आणि अरबस्तानातल्या धुळीची उपग्रहावरून तुलना करायची म्हणते. आम्ही बीएड सुचवलं. गोव्यात वाळवंट नाही. यात पुढे नोकरी तरी आहे का?"

नमस्कार ताई,

खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ तुम्ही खिडकीच्या गजांवरून कितीदा पुसली असेल! तो तांबडेपणा लोहाचा. सगळी धूळ सारखी नसते हे तुमच्या घरात कुणाला सांगायला नको, आणि मुलगी नेमकं तेच जगाच्या पातळीवर विचारते आहे.

लायडार हे यंत्र हवेत लेझर सोडतं आणि कणांवरून परतलेला प्रकाश मोजतं. पाण्याचा गोल थेंब प्रकाशाच्या कंपनाची दिशा जवळपास तशीच ठेवतो, धुळीचा ओबडधोबड कण ती बिघडवतो. वाळवंटी धुळीत हा बिघाड हिरव्या लेझरला साधारण 30 टक्के भरतो, सहारा असो की अरबस्तान. त्यावरून धूळ आहे एवढं कळतं, तिचं गाव कळत नाही. गावासाठी दुसरा आकडा लागतो: कण एकूण किती प्रकाश अडवतो आणि किती मागे फेकतो, यांचं गुणोत्तर. सहाराच्या धुळीत ते साधारण 50 ते 60, अरबस्तानाकडच्या धुळीत बऱ्याचदा 40 च्या आसपास, कारण त्यांतल्या खनिजांचं मिश्रण वेगळं. असंच लायडार घेऊन 2006 ते 2023 चाललेल्या कॅलिप्सो उपग्रहाला हे गुणोत्तर बहुतेक वेळा गृहीत धरावं लागे, तेही जगभरच्या धुळीला एकच. त्यामुळे सहाराची धूळ प्रत्यक्षापेक्षा कमी भरायची. 2024 मध्ये गेलेला अर्थकेअर उपग्रह ते थेट मोजतो. मुलगी अगदी योग्य वेळी या विषयाकडे वळते आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि वाळवंट नसलं तरी उन्हाळ्यात अरबस्तानची धूळ आपल्याच समुद्रावर येते. आणि संशोधन संस्थाही गोव्यातच आहेत: दोनापावलाला समुद्राचा अभ्यास करणारी एनआयओ, वास्कोला ध्रुवप्रदेश आणि महासागरांचा अभ्यास करणारी एनसीपीओआर.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. कायम जागा थोड्या आहेत आणि पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात. पण जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. एमएस्सी गोवा विद्यापीठात करावी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत. मग जेआरएफसाठीची नेट परीक्षा द्यावी, आणि पुण्याची हवामान संशोधन संस्था आयआयटीएम किंवा अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा पीआरएल गाठायचा प्रयत्न करावा. बीएड एमएस्सीनंतरही करता येतं, ते दार आज बंद होत नाही.

या मे महिन्यात तिला पायथन शिकू द्या. जमिनीवरून हवेतले कण मोजणाऱ्या जगभरच्या ठाण्यांचं अ‍ॅरोनेट नावाचं जाळं आहे, त्याची मोजमापं फुकट मिळतात. नायजरमधलं बानिझुंबू आणि रियाधजवळचं सोलर व्हिलेज, या दोन ठाण्यांच्या एकेका वर्षाच्या नोंदी घेऊन तिने आलेख काढावेत. ते घेऊन दोघी मला भेटायला या.