वाचक विचारतात : जॉली बॉयला जाण्याआधी

प्रश्न : फेब्रुवारीत चौघांचा अंदमानचा बेत आहे. जॉली बॉय बेटावर प्रवाळ पाहायचं आहे. बोटीचं तिथं जाऊनच ठरवलं तर चालेल का? (राजारामपुरी)

उत्तर : नको. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात १५ बेटं आहेत, पण पर्यटकांसाठी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच, तीही हंगामानुसार आलटूनपालटून खुली असतात. फेब्रुवारीत जॉली बॉयची पाळी असते. रोज ठरावीक माणसांनाच सोडतात आणि सोमवारी सुट्टी असते. वनखात्याचा परवाना वेगळा, बोटीचं तिकीट वेगळं. दोन्ही आधीच काढा आणि प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. बोटी सकाळी वंडूर जेट्टीवरून सुटतात. घड्याळ आपलंच असलं तरी तिथं सूर्य कोल्हापूरपेक्षा जवळपास सव्वा तास आधी मावळतो, त्यामुळे दुपारनंतरचे बेत आखू नका.

जेट्टीवर पिशव्या तपासतात, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. बेटावर खायला काहीच मिळत नाही. म्हणून पाणी स्टीलच्या बाटलीत आणि भडंग पाकिटातून काढून डब्यात न्या. बोट लागत असेल तर सकाळी तेलकट खाऊ नका, पण उपाशीही निघू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, ती तासभर आधी पोटात हवी. बोटीत मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाईलकडे बघत बसलं की मळमळ हमखास वाढते.

प्रश्न : मी लहानपणापासून पंचगंगेत पोहतो. स्नॉर्केलिंगला (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत तळ बघायला) वेगळं काय लागतं? मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं, असं ऐकलं. खरं का? (मंगळवार पेठ)

उत्तर : खरं आहे. मास्कची रबरी कड त्वचेला चिकटून बसावी लागते आणि मिशीच्या केसांमधून पाणी झिरपतं. नाकाखालच्या केसांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो पडला नाही, तर माप बरोबर. पट्टा करकचून आवळू नका, त्यानं कड दुमडते आणि गळती वाढते. पाणी शिरलंच तर मास्कची वरची कड कपाळावर दाबा, मान थोडी वर करा आणि नाकानं जोरात फुंका. पाणी खालून निघून जातं. चष्मा मास्कखाली बसत नाही, नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा.

आता पोहण्याचं. नदीत प्रवाह तोडायला पाय जोरात मारायची सवय लागते, ती इथं मोडावी लागेल. खारं पाणी माणसाला जास्त उचलून धरतं, त्यात लाइफ जॅकेट असतंच. पालथं तरंगत राहा, पाय सावकाश हलवा. दमलात तर उताणे व्हा, पण प्रवाळावर उभे राहू नका. तो दगड दिसला तरी वरचा थर जिवंत प्राण्यांचा असतो. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. एका लाथेनं निघालेला टवका भरून यायला वर्षं जातात, आणि २०१० मध्ये पाणी तापल्यानं अंदमानचं बरंच प्रवाळ आधीच पांढरं पडलं होतं. सनस्क्रीन थापण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला.

फोटोतल्यासारखे भडक रंग दिसले नाहीत तर खट्टू होऊ नका. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो आणि निरोगी प्रवाळही बरंचसं तपकिरीच असतं.

प्रश्न : किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडे मुलांसाठी आणले तर? (शाहूपुरी)

उत्तर : अजिबात नाही. मेलेला तुकडाही चालत नाही. कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासलं जातं. शिंपल्याची वस्तू हवीच असेल तर ‘सागरिका’ या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा.